कुत्रा आणण्याआधी घरातले तास मोजा

कुत्रा पाळायचे मनात आले की प्रश्न बहुतेक ठरलेलेच असतात. कोणती जात चांगली? पिल्लू कितीला मिळते? महिन्याला खर्च किती येतो? सोसायटीने हरकत घेतली तर काय करायचे? सगळे प्रश्न रास्त आहेत, पण त्यांचा क्रम उलटा आहे. कुत्र्याला सगळ्यात आधी लागतो तो तुमचा ठरलेला वेळ, आणि तोही रोजचा, वर्षानुवर्षांचा. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूरच्या फ्लॅटमध्ये जागा कमी असते हे खरे. तरी कुत्र्याचे हाल होतात ते बहुधा जागेच्या टंचाईने नव्हे, वेळेच्या टंचाईने. वेळेचा हिशेब आधी मांडलात, तर जात, खर्च आणि सोसायटी या तिन्हींची उत्तरे त्यातूनच निघू लागतात. म्हणून हा लेख त्या हिशेबापासून सुरू होतो.

आधी घड्याळ

मध्यम आकाराचा कुत्रा साधारण १० ते १४ वर्षे जगतो. लहान चणीचे त्याहून जास्त जगतात, ग्रेट डेनसारखे थोराड कुत्रे कमी. या काळात त्याला दिवसातून निदान तीनदा बाहेर न्यावे लागते : सकाळी आणि संध्याकाळी अर्धा-पाऊण तास, रात्री झोपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे. खाणेपिणे, अंग विंचरणे, गोचीड तपासणे आणि थोडा खेळ धरला तर रोजचे दोन तास सहज जातात. पिल्लाचे गणित आणखी कडक. दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी शू लागते, रात्रीही एकदोनदा उठावे लागते. वाढलेला कुत्रा सहा ते आठ तास थांबू शकतो, पण रोज दहा-दहा तास त्याला कोंडून ठेवणे हा अन्याय आहे. आणि हे केवळ भूतदयेचे बोलणे नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा सांगतो की सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवण्यात मालकाने हयगय केली तर तो गुन्हा ठरतो. म्हणजे कुत्र्याला फिरवणे हे कायद्याने तुमच्यावर टाकलेले काम आहे.

घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून या प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहा, आणि प्रत्येक कामापुढे एका माणसाचे नाव घाला. ‘आपण सगळे मिळून करू’ हे उत्तर धरू नका, कारण सगळ्यांचे काम पुढे कोणाचेच राहत नाही.

- सकाळी सहाला, भर पावसातही, त्याला खाली कोण नेणार?
- तो सलग किती तास एकटा राहणार, आणि त्या काळात कोण डोकावणार?
- लग्नकार्य, परगावची सहल, इस्पितळ, अशा वेळी तो कोणाकडे राहणार?
- येत्या दहा-बारा वर्षांत बदली, परदेशी शिक्षण, बाळंतपण, घर बदलणे यांपैकी काय दिसते आहे?
- घरात कोणाला दमा किंवा केसांची ॲलर्जी आहे का?

यावर एक उत्तर हमखास येते : मुलांना जबाबदारी कळावी म्हणूनच तर कुत्रा आणतो आहोत. हेतू चांगला आहे, पण वयाचा हिशेब करा. आज दहा वर्षांचे मूल पाच वर्षांनी दहावीत असेल आणि आठ-नऊ वर्षांनी कदाचित दुसऱ्या शहरात शिकत असेल. कुत्रा तेव्हा उतारवयात, सगळ्यात जास्त सांभाळ लागणाऱ्या काळात असेल. मुलांनी जरूर मदत करावी, पण यादीत नाव प्रौढाचेच हवे. दुसरे उत्तर असते की आई-बाबा दिवसभर घरीच असतात. पण तीस किलोच्या लॅब्रॅडॉरने मांजर पाहून हिसका दिला तर सत्तरीच्या माणसाला तोल सावरता येईल का, हे त्यांनाच विचारा, आणि त्यांना हे काम हवे आहे का तेही विचारा.

मग दोघेही नोकरी करणाऱ्यांनी कुत्रा पाळूच नये का? तसे नाही. वाढलेला कुत्रा दिवसाचे बारा-चौदा तास झोपतो किंवा पडून राहतो. कोणी सतत जवळ असावे अशी त्याची गरज नसते. गरज असते ती ठरल्या वेळी ठरलेले माणूस येण्याची. दुपारी फिरवणारा माणूस ठेवला, किंवा आठवड्यातून दोन-तीन दिवस पाळणाघराची सोय केली, तर नोकरदार घरातही कुत्रा मजेत राहतो. मात्र अशा घराने पिल्लाचा मोह टाळून दोन-तीन वर्षांचा, शी-शूची शिस्त लागलेला कुत्रा घ्यावा.

मग जात

कागदावरचे तास समोर ठेवले की जातींची निम्मी यादी आपोआप गळते. जर्मन शेफर्ड कामासाठी तयार केलेला कुत्रा आहे. त्याला शारीरिक आणि बौद्धिक काम मिळाले नाही तर तो घर कुरतडतो. बीगल शिकारीचा, वासाच्या मागे धावणारा, आणि एकटा पडला की मोठ्याने भुंकणारा. मराठवाड्याचा कारवान देखणा आणि काटक, पण तो पळण्यासाठी जन्मला आहे. शेत असेल तर तो शोभतो, वन बीएचकेमध्ये त्याची घुसमट होते. लॅब्रॅडॉर स्वभावाने गरीब, पण खादाड. व्यायाम कमी पडला की वजन वाढते आणि खुब्याची दुखणी लवकर सुरू होतात.

दुसरी कसोटी हवामानाची. माणसासारखा घाम कुत्र्याच्या अंगाला येत नाही. तो धापा टाकून शरीर थंड करतो. सायबेरियन हस्की आणि सेंट बर्नार्ड यांची दाट लव बर्फासाठी आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या चाळिशीपार उन्हात त्यांना चोवीस तास एसी पुरवता येत नसेल तर त्यांना आणू नका. एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर पग आपल्याकडे घरोघरी पोहोचला. पण त्याचे नाक इतके चपटे की धापही नीट टाकता येत नाही, आणि उन्हाळ्यात त्याला उष्माघात लवकर होतो. फोटोत गोड दिसणारा चेहरा त्याच्यासाठी जन्मभराची धाप असते, हे लक्षात ठेवून निर्णय घ्या.

या दोन्ही कसोट्या लावल्या तर बहुतेक मराठी घरांसाठी सर्वांत योग्य ठरतो तो आपला गावठी कुत्रा. आखूड लव, मध्यम चण, इथल्या हवेत हजारो वर्षे मुरलेले शरीर, आणि ठरावीक गुणांसाठी जवळच्या नात्यांत पैदास न झाल्यामुळे आनुवंशिक आजार कमी. यावर आक्षेप असतो की तो चावरा असतो, घरात रमत नाही. पण कुत्र्याचा स्वभाव जातीइतकाच, किंबहुना अधिक, त्याच्या पहिल्या महिन्यांत घडतो. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात त्याने माणसे, मुले, वाहने, आवाज पाहिले-ऐकले असतील तर तो धीट आणि शांत होतो. नाहीतर महागडे पिल्लूही भित्रे आणि चावरे निघते. मोठ्या वयाच्या कुत्र्याला लळा लागत नाही ही समजूतही खरी नाही. त्याला नव्या घराचे वेळापत्रक कळायला काही आठवडे लागतात, तेवढा धीर धरा. उलट मोठ्या कुत्र्याचा आकार, स्वभाव आणि सवयी आणण्यापूर्वीच कळतात, ही जमेची बाजू आहे.

कुठून आणावा

दत्तक घेत असाल तर निवाऱ्यात निदान दोन-तीनदा जा, त्याला पट्टा लावून फिरवून पाहा, लसीकरणाचे कार्ड आणि निर्बीजीकरणाची नोंद मागा. विकतच घ्यायचा असेल तर २०१७ च्या श्वान पैदास व विपणन नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. फसवणूक टाळण्यासाठी एवढे पाळा :

- पिल्लाची आई आणि राहण्याची जागा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. फोटो पाहून आगाऊ रक्कम पाठवणे हा फसवणुकीचा राजमार्ग आहे.
- नोंदणी क्रमांक, लसीचे कार्ड आणि पावती जागेवरच घ्या. ‘कागद नंतर पाठवतो’ म्हणणाऱ्याकडून उठून या.
- शेपूट किंवा कान कापलेले पिल्लू घेऊ नका. केवळ दिसण्यासाठी केलेली ही काटछाट क्रूरता आहे.
- केनेल क्लबचे प्रमाणपत्र वंशावळ सांगते, तब्येतीची हमी देत नाही. पशुवैद्याकडून तपासणी वेगळी करून घ्या.

खर्चाचा खरा आकडा

पिल्लाची किंमत हाच मोठा खर्च वाटतो, आणि इथेच हिशेब चुकतो. वीस-पंचवीस किलोच्या कुत्र्याचे खाणे, जंताचे आणि गोचिडांचे औषध, वार्षिक लसी आणि किरकोळ तपासण्या मिळून महिन्याला काटकसरीने ३,००० रुपये धरले, तरी बारा वर्षांत ४,३२,००० रुपये होतात. ५,००० धरले तर ७,२०,०००. यात फिरवणाऱ्याचा पगार, सुट्टीतले पाळणाघर आणि मोठे आजारपण धरलेले नाही. या रकमेपुढे पिल्लू फुकट मिळाले की पंधरा हजारांना, याने फारसा फरक पडत नाही. म्हणून निर्णय घेताना पिल्लाच्या किमतीऐवजी महिन्याच्या खर्चाकडे पाहा, आणि हाड मोडणे, शस्त्रक्रिया, गोचीड ताप अशा अचानक प्रसंगांसाठी निदान २५-३० हजार रुपये बाजूला ठेवा. विमा मिळतो, पण आधीचे आजार, वयाची मर्यादा आणि सुरुवातीचा प्रतीक्षाकाळ या अटी वाचूनच घ्या.

मग कुत्रा ही फक्त पैसेवाल्यांची चैन आहे का? नाही. खर्च कमी करण्याचे रास्त मार्ग आहेत. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत माफक दरात उपचार होतात. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीर इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही तज्ज्ञ मिळतात. परळलाच १८८३ पासून चालणारे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. विकतच्या दाण्यांऐवजी घरचे अन्न देता येते. पण घरचे अन्न म्हणजे उरलेले खरकटे नव्हे, आणि दूध-पोळीही नव्हे. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही, आणि पोळीत पुरेशी प्रथिने नसतात. नुसत्या चिकन-भातातही कॅल्शियम कमी पडते. तुमचे घर शाकाहारी असेल तर अंडी-पनीर चालतील का, पुरवणी कोणती द्यायची, हे पशुवैद्याला विचारून आहार ठरवा. बचत करायची नाही अशी जागा एकच : लस आणि गोचिडांचे औषध. तिथे वाचवलेले शेकडो रुपये पुढे हजारोंनी फेडावे लागतात.

पहिल्या वर्षाचे वेळापत्रक

- सहा ते आठ आठवडे : डिस्टेंपर, पार्व्हो वगैरे रोगांवरची एकत्रित लस सुरू. पुढे दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत. ती पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर सोडू नका, पण कडेवर घेऊन जग जरूर दाखवा.
- तीन महिने : रेबीजची लस. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने बूस्टर, आणि पुढे दरवर्षी.
- जंताचे औषध : तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दरमहा, नंतर साधारण दर तीन महिन्यांनी.
- महापालिकेचा परवाना : लसीचे प्रमाणपत्र जोडून काढा आणि मुदतीत नूतनीकरण करा.
- निर्बीजीकरण : योग्य वय आकारावर ठरते, पशुवैद्याला विचारा. ‘एक वेत होऊ द्यावे’ या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. उलट निर्बीजीकरण न केलेल्या मादीला पुढे गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो.
- पावसाळा : रोज बोटांच्या बेचक्या, कान आणि मानेखाली गोचीड शोधा. लेप्टोस्पायरोसिसच्या लसीबद्दल विचारा, आणि साचलेल्या पाण्यातून नेणे टाळा.

कुत्रा चावला किंवा त्याची नखे लागली, तर तो घरचा असला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हळद, चुना, मिरचीपूड यांपैकी काहीही लावू नका. रेबीज झाल्यावर तो जवळजवळ नेहमीच जीव घेतो, पण वेळेवर घेतलेली लस त्याला रोखते. जगातल्या रेबीजमृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तेव्हा ‘आमचा कुत्रा घरातलाच, त्याला कशाला लस’ हे बोलणे सोडून द्या.

स्वयंपाकघर आणि सणवार

द्राक्षे आणि बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, म्हणून प्रसादाचा शिरासुद्धा त्याच्यापुढे ठेवू नका. चॉकलेट, कांदा, लसूण आणि शिजवलेली हाडेही वर्ज्य. ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. कुत्र्याचे निरोगी तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे हाताला गरम लागले तरी तो ताप असेलच असे नाही. दिवाळीत फटाके सुरू होण्याआधीच त्याला फिरवून आणा, खिडक्या लावून आतली खोली मोकळी ठेवा, आणि गळ्यात नाव-फोन असलेला बिल्ला असू द्या, कारण आवाजाने बिथरलेला कुत्रा दार उघडे दिसले की पळतो. उन्हाळ्यात हाताची उलटी बाजू डांबरावर पाच सेकंद टेकवा. तुम्हाला सोसले नाही तर त्याच्या पायांनाही सोसणार नाही.

रेल्वेने नेताना एसी फर्स्ट क्लासचा संपूर्ण कूपे किंवा केबिन आरक्षित असेल तरच तो तुमच्यासोबत राहू शकतो, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीतून न्यावा लागतो. लसीचे आणि तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र जवळ ठेवा. पाळणाघरात ठेवणार असाल तर आधी जागा पाहून या. आत घेताना लसीचे कार्ड न मागणारे पाळणाघर टाळा, कारण ते इतरांकडेही मागत नसणार.

सोसायटी : तुमचा हक्क आणि शेजाऱ्याचा

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचना इथे उपयोगी पडतात. त्यांनुसार सोसायटी सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालू शकत नाही. आकारावरून किंवा जातीवरून भेद करता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, त्यासाठी वेगळे पैसे आकारता येत नाहीत, आणि भुंकण्याचे निमित्त करून कुत्रा हटवायला सांगता येत नाही. मात्र भाडेकरूंनी लक्षात ठेवावे की सोसायटीचा प्रश्न वेगळा आणि घरमालकाशी झालेला करार वेगळा. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात कुत्र्याचा उल्लेख लेखी करून घ्या. ‘मालक चांगले आहेत, काही म्हणणार नाहीत’ यावर विसंबू नका.

वाद झालाच तर पायऱ्या अशा :

1. परवाना, लसीचे कार्ड आणि निर्बीजीकरणाचा दाखला यांच्या प्रती समितीला पोचपावतीसह द्या.
2. समितीचे म्हणणे लेखी मागा. तोंडी धमकीला लेखी आणि शांत उत्तर द्या, मंडळाच्या सूचना जोडा.
3. तोडगा निघाला नाही तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा.
4. कुत्र्याला इजा केली किंवा विष घालण्याची धमकी दिली तर पोलिसांत जा. प्राण्याला मारणे, विष घालणे किंवा अपंग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे.

पण नाण्याची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. ज्याला लहानपणी कुत्रा चावला आहे, त्याची भीती खोटी नसते. जिच्या दारात रोज विष्ठा पडते, तिचा संतापही खोटा नसतो. न्याय संहितेचे कलम २९१ सांगते की आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून इतरांना धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून सामायिक जागेत पट्टा हातातच ठेवा, विष्ठा स्वतः उचला, लिफ्टमध्ये कोणी बिचकले तर पुढच्या लिफ्टची वाट पाहा. कोणी म्हणेल, हक्क आहे तर नमते का घ्यायचे? कारण सूचनांचा कागद तुम्हाला लिफ्टमध्ये जागा देतो, पण रात्री अचानक इस्पितळात जावे लागले तर कुत्र्याला सांभाळणारा शेजारी कागद देत नाही. तो रोजच्या वागण्यातून मिळवावा लागतो. शिवाय सतत भुंकणारा कुत्रा बहुधा एकटा आणि कंटाळलेला असतो. म्हणजे सोसायटीच्या अर्ध्या तक्रारींचे मूळ पुन्हा त्याच कागदावर सापडते, जिथे वेळेपुढे नाव लिहायचे राहून गेले.

नाहीच जमले तर

परिस्थिती बदलते, माणसे अडचणीत येतात. कुत्र्यासाठी दुसरे घर शोधणे यात लाज नाही. त्याला लांबच्या रस्त्यावर सोडून येणे मात्र गुन्हा आहे. १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड फक्त १० ते ५० रुपये आहे, पण त्या आकड्यावरून गुन्ह्याचे माप काढू नका. घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्त्यावर ना अन्न शोधता येते, ना टोळीशी लढता येते. ओळखीच्यांत विचारा, तुमच्या पशुवैद्याला सांगा, संस्थांशी बोला, आणि नवे घर मिळेपर्यंत जबाबदारी तुमचीच समजा. आयुष्यभराची हमी आज देता येत नसेल तर काही आठवड्यांसाठी कुत्रा सांभाळून देणे, म्हणजे फॉस्टरिंग, हा मधला मार्ग आहे. त्यातून निवाऱ्यालाही हातभार लागतो.

शेवटी, कुत्रा आणण्याआधी त्याच्या दिनक्रमाची रंगीत तालीम करा. पंधरा दिवस यादीतल्या माणसांनी ठरल्या वेळी, पट्टा नसतानाही, सकाळ-संध्याकाळ-रात्र खाली जाऊन यावे. महिन्याचे ठरवलेले पैसे बाजूला काढावेत. यांतला एक तरी रविवार पावसाचा असू द्या. आठव्या दिवशीच फेऱ्या चुकू लागल्या तर यंदा थांबा, काहीच बिघडलेले नाही. पंधराव्या दिवशीही पाय आपसूक जिन्याकडे वळत असतील, तर तुमच्या घरात कुत्र्यासाठी जागा आहे, मग घर कितीही लहान असो.